एकच सटन

“सगळी डुप्लिकेट्स काढलीस ना?” लिंडानं विचारलं.

“सगळी!” मी छाती फुगवून म्हणालो.

“मग जरा बस खाली.”

२००४ साल. टेक्सासमध्ये अर्विंगला मी एका ट्रॅव्हल कंपनीत प्रोग्रॅमर होतो, लिंडा माझी मॅनेजर. आमच्या साइटवर विमानाच्या तिकिटासोबत परदेशातल्या एअरपोर्टपासून थेट मुक्कामाच्या गावापर्यंत गाडीही बुक करता यायची. गावांची नावं आमच्या टेबलमध्ये. टेबल म्हणजे कॉम्प्युटरमधली लांबलचक यादी, एका ओळीत एक गाव.

इंग्लंडची यादी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात नुसता सावळा गोंधळ. सटन, सटन, सटन. न्यूटन तर मोजवेनात. मी पडलो नीटनेटका माणूस. एका नावाच्या दोन ओळी दिसल्या की माझे हात शिवशिवतात.

टीममधला नागपूरचा शिरीष म्हणाला, “यार, शेवटचा कॉलम बघ ना. काउंटी वेगळी दिसतेय.” काउंटी म्हणजे आपला जिल्हा.

“कस्टमरला कशाला जिल्ह्यात अडकवायचं? स्क्रीन क्लीन पाहिजे,” मी म्हणालो.

प्रत्येक नावाची पहिली ओळ ठेवली, बाकीच्या डिलीट केल्या. जिल्हे अक्षरांच्या क्रमानं लावलेले, त्यामुळे उरलं ते बेडफर्डशरचं सटन. पोस्टकोड, म्हणजे आपला पिनकोड, भरायची सक्तीही काढून टाकली. मग स्वतःवरच खूश होऊन टीमला सामोसे खिलवले.

लिंडानं सांगितलं ते असं. मिसेस पार्कर, वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी लग्न करून इंग्लंडहून टेक्सासला आलेल्या. धाकटी बहीण नॉरफोकमधल्या सटनला शेवटच्या घटका मोजत होती. बाईंनी आमच्या साइटवर यादीतलं एकुलतं एक सटन निवडून बुकिंग केलं. लंडनला उतरल्या, गाडीत बसल्या आणि प्रवासाच्या शिणानं त्यांना झोप लागली. ड्रायव्हरनं उठवलं तेव्हा समोर चर्च होतं, पण त्यांच्या गावचं नव्हतं. रविवारची दुपार. दुसरी गाडी मिळायलाच दोन तास, पुढे आणखी तीन. त्या पोचल्या तेव्हा बहिणीला जाऊन तासच झाला होता. पलंगाशेजारी त्यांच्यासाठी मांडलेली खुर्ची तशीच होती.

“कंपनीनं माफीचं पत्र पाठवलंय,” लिंडा म्हणाली. “त्यांना ते नकोय. हे ज्यानं केलं त्याच्याकडून ऐकायचंय. फोन कर.”

मी कागदावर मुद्दे लिहून घेतले. मिसेस पार्करना फोन लावला आणि पहिला मुद्दा वाचायला सुरुवात केली.

“मॅम, इंग्लंडमध्ये एकाच नावाची खूप गावं आहेत...”

“मला सांगतोस? मी तिथलीच आहे.” आवाज थकलेला, पण रागाचा नव्हता. “तू कुठला, बाळ?”

“वडगाव. पुण्याजवळचं.”

“ते एकच आहे का?”

आमचं वडगाव बुद्रुक, म्हणजे थोरलं. जवळच वडगाव खुर्द, म्हणजे धाकटं. शिवाय जिल्ह्यात आणखी किती वडगावं, देव जाणे. माझ्या इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनचं पत्र चार दिवस दुसऱ्याच वडगावात पडून होतं. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, सायकल मारत जाऊन ते शोधून आणलं, म्हणून मी इंजिनीअर झालो. त्यानंतर पत्ता लिहिताना अण्णा ‘बुद्रुक’खाली दोन रेघा मारायचे, आणि मी त्यांना हसायचो.

“नाही मॅम,” मी म्हणालो. “बरीच आहेत.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

मी कागद बाजूला सारला. “हो,” मी म्हणालो.

“तिचं नाव जून होतं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात बॅकअपमधून सगळी सटनं परत आणली. काउंटी आणि पोस्टकोड भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं केलं. स्क्रीन अगदी कुरूप झाली. प्रत्येक सटनची ओळ मी शिरीषला शेजारी बसवून नकाशाशी ताडून पाहिली. तो एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

लिंडानंतर आलेल्या मॅनेजरनं माझ्या रिव्ह्यूमध्ये लिहिलं, ‘डुप्लिकेट्स काढायला फार वेळ लावतो.’

मी वाचलं आणि खाली सही केली.