शेहेचाळीस एक्सवाय

स्वतःला ओळखणं हेच मनुष्यजन्माचं सार्थक आहे, असं मी दर वर्षी निरोप समारंभात आठवीच्या मुलांना सांगते. माझी स्वतःशी ओळख एकतिसाव्या वर्षी झाली. ती एका खासगी लॅबच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्या पानावर होती, आणि ते पान उलटं स्टेपल केलेलं होतं.

पहिल्या पानावर नाव, वय आणि ‘लिंग: स्त्री’. दुसऱ्या पानावर निष्कर्ष: ‘शेहेचाळीस, एक्सवाय’. मी मान तिरकी करून वाचलं. समोर एंडोक्रिनॉलॉजिस्ट बसल्या होत्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर. त्यांनी विचारलं, “बेन, तुम्ही शाळेत काय शिकवता, विज्ञान?”

“मराठी.”

“मग पहिल्यापासून सांगते.”

त्यांनी सांगितलं ते असं. माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात. त्यांतली दोन बहुतेक बायकांत एक्सएक्स असतात, बहुतेक पुरुषांत एक्सवाय. माझी एक्सवाय आहेत. माझ्या पोटात ज्या दोन ग्रंथी आहेत, त्या अंडाशय नाहीत, वृषण आहेत. दोन्ही प्रकारच्या ग्रंथींना गोनाड्स म्हणतात. त्या टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन भरपूर बनवतात, पण माझ्या पेशींना ते ओळखताच येत नाही. त्यातलं काही टेस्टोस्टेरॉन शरीर इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे बायकी हार्मोनमध्ये बदलतं, त्यामुळे अंगाची ठेवण बाईची झाली. त्याच ग्रंथींचं आणखी एक हार्मोन गर्भाशय बनू देत नाही, म्हणून ते बनलंच नाही. या सगळ्याचं नाव कम्प्लीट अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम. अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन, इन्सेन्सिटिव्हिटी म्हणजे त्याला दाद न देणं.

पुरुषी हुकमाला अजिबात दाद न देणारं शरीर. आमच्या घराण्यात असं धाडस आधी कुणी केल्याचं मला माहीत नव्हतं.

सुरुवात जूनमध्ये झाली. शाळेत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आले, शिपाई रजेवर होता, मी गठ्ठे उचलले आणि उजव्या जांघेत कळ आली. हात लावला तर सुपारीएवढी गाठ. ती लहानपणापासून अधूनमधून लागायची. आई म्हणायची, अंगात उष्णता आहे. या वेळी कळ चार दिवस गेली नाही.

आम्ही गुजरातेत, कोसाडच्या वसाहतीत राहतो. मी, आई आणि आईची बहीण लीलामावशी. वडील पलसाण्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात होते, ते सहा वर्षांपूर्वी गेले. मूळचे आम्ही धुळ्याकडचे. घरात आई आणि मावशी अहिराणी बोलतात, बाहेर गुजराती, आणि डॉक्टरसमोर दोघी गप्प बसतात.

“कसाले जास डॉक्टरकडे?” आई म्हणाली. “आते दुखस का?”

दुखत होतं, म्हणून गेले.

सर्जनच्या केबिनमध्ये भिंतभर मानपत्रं होती. त्यांना शाली पांघरतानाचे फोटो मी मोजले, अकरा होते. ते म्हणाले, हर्निया दिसतो, म्हणजे पोटाच्या भिंतीतून आतलं काही बाहेर येतंय, पण आधी सोनोग्राफी करू. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर मी दोन तास पोटभर पाणी पिऊन बसले. डोक्यावर पाटी होती: येथे लिंग तपासणी केली जात नाही, तो गुन्हा आहे. पाटी गर्भाबद्दल होती. मला ते तेव्हा कळत होतं आणि विनोद कळायला पुढचा महिना लागला.

आतली टेक्निशियन मुलगी बराच वेळ यंत्र फिरवत राहिली. मग म्हणाली, “बेन, गर्भाशय देखातुं नथी.” दिसत नाही. “कढावी नाखेलुं छे?” म्हणजे, काढून टाकलंय का?

मी म्हटलं, माझ्या माहितीत तरी नाही. तिथून मला हार्मोनच्या डॉक्टरबाईंकडे धाडलं, आणि त्यांनी गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्त द्यायला लावलं.

आता ज्या गोष्टीवर लोकांचा विश्वास बसत नाही ती सांगते. मला पाळी कधीच आली नाही, आणि एकतीस वर्षांची, दोन पदव्या घेतलेली, हाताला लागेल ते वाचणारी मी कधी डॉक्टरकडे गेले नाही. याला कारण आमच्या घरची कानबाई.

कानबाई ही आमची खानदेशातली देवी, श्रावणात ती आमच्याकडे बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे गहू निवडायचे, दळायचे, ते सगळं सोवळ्यातलं काम. ज्या बाईला विटाळ असेल तिने त्या खोलीत यायचं नाही. इतर घरांत ऐन वेळी सुना अडचणीत येतात आणि धावपळ होते. आमच्याकडे कधी झाली नाही. आमच्याकडे लीलामावशी होती, आणि मी पंधराची झाल्यापासून मी. आम्हा दोघींना पाळी नव्हती. भाऊबंदांत हे माहीत होतं आणि त्याचं कौतुक होतं. “कानबाईनी किरपा शे,” थोरली काकू म्हणायची आणि माझ्या पुढ्यात सूप सारायची. ज्या गोष्टीसाठी दुसऱ्या घरच्या मुलीला दवाखान्यात नेलं असतं, त्या गोष्टीसाठी मला दर श्रावणात हळदीकुंकू लावलं. मी नास्तिक आहे असं मी कॉलेजपासून सांगत आलेय. गहू मात्र निवडत राहिले. कौतुक कुणाला नको असतं?

या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. रिपोर्ट वाचल्यावर मला रडू येईल असं डॉक्टरबाईंना वाटलं असावं, त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला. मी मनात मुठी मोजत होते.

त्या महिन्यात मी विचारू नये ते सगळं इंटरनेटला विचारलं. इंटरसेक्स हा शब्द तिथेच भेटला: ज्यांचं शरीर जन्मतःच स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात पूर्ण बसत नाही ते. मराठी प्रतिशब्द शोधले. प्रत्येक लेखकाने आपला वेगळा घडवला होता आणि दुसऱ्या कुणी तो वापरला नव्हता. दुसऱ्या भेटीत मी डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, मी इंटरसेक्स आहे का?

त्या म्हणाल्या, “आमच्या पुस्तकात याला डीएसडी म्हणतात, लैंगिक वाढीतला फरक. इंटरसेक्स हा शब्द घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही स्वतःला बाई मानता?”

“आजवर दुसरं काही सुचवलं नाही कुणी.”

“आता सुचवलं तर?”

मी विचार केला. वसतिगृह, बसमधल्या राखीव जागा, स्टाफरूममध्ये बाईमाणूस म्हणून माझ्याकडेच आलेलं चहा करण्याचं काम. “मानते,” म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मला बरं वाटलं.

खरा प्रश्न पुढचा होता. या ग्रंथींत कधीकाळी कॅन्सर होऊ शकतो. तरुणपणी धोका कमी, वयाबरोबर वाढतो, नक्की किती ते कुणी छातीठोक सांगत नाही. काढल्या तर आयुष्यभर हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. ठेवल्या तर दर वर्षी तपासणी करायची. एमआरआय झाला, म्हणजे चुंबकाच्या नळकांड्यात घालून काढलेले पोटाचे फोटो. जांघेतली गाठ म्हणजे एक ग्रंथी होती, दुसरी पोटात सापडली, दोन्ही ठीक दिसत होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, घाई नाही, विचार करा. एवढ्या वर्षांत माझ्या शरीराबद्दल विचार करायला मला कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं.

सर्जनना घाई होती. हर्नियासाठी मी रिपोर्ट आणि सोबत आईला घेऊन त्यांच्याकडे परत गेले तेव्हा त्यांनी मला बाहेर बसवलं आणि आईला आत बोलावलं. मी एकतीस वर्षांची, पगारदार, आणि आत आईशी बोलणी. दहा मिनिटांनी आई बाहेर आली ती पदर तोंडाला लावून. म्हणाली, “अंडाशय खराब शेतस. काढना पडतीन. कोणले सांगू नको.”

नर्सने संमतीपत्र आणलं. त्यावर लिहिलं होतं: हर्निया दुरुस्ती व दोन्ही अंडाशय काढणे. खाली माझ्या सहीची जागा, त्याखाली आईची.

मी नऊ वर्षं वह्या तपासतेय. पर्समधलं लाल पेन काढून ‘अंडाशय’ या शब्दाखाली रेघ मारली आणि कागद घेऊन आत गेले.

सर्जन हसले. “टीचर आहात ना, म्हणूनच नाही सांगितलं. शिकलेली माणसं जास्त मनाला लावून घेतात. आईंना विचारा, आम्ही तुमच्या भल्यासाठीच...”

“सर, जे माझ्याकडे नाहीत ते तुम्ही काढणार कसे?”

“शब्दाला काय धरून बसता, बेन? घरात, समाजात उद्या काय सांगाल? अंडाशय सांगितलं की विषय संपतो.”

“आणि जे काढाल ते?”

“ते आमच्यावर सोडा.”

आई दारात उभी होती. तिने माझी बाही ओढली. “सही करी दे, पोर. नको त्या गोष्टी उघड्या करू नको.” मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. दोन्ही अजून तशीच आहेत. मी सही केली नाही. केली असती तर माझ्या पोटात जे कधी नव्हतंच, ते कागदोपत्री काढलं गेलं असतं.

हे वाचणाऱ्यांत कुणाला अशा गाठी असतील, कुणाच्या मुलीला सोळा उलटूनही पाळी आली नसेल, किंवा लहान मुलीला दोन्ही बाजूंनी हर्निया असेल, तर एवढंच सांगते. रिपोर्टची प्रत मागून घ्या. काय काढणार ते त्याच्या नावानिशी लिहून मागा. तुमच्या वतीने आईला, नवऱ्याला किंवा भावाला खोलीत बोलावलं, तर तुम्हीही आत जा. खुर्ची नसेल तर उभ्या राहा.

हर्नियाचं ऑपरेशन मी दुसरीकडे केलं. ग्रंथी आहेत तिथे आहेत. ते धाडस नाही, जोखीम आहे, आणि ती माझी आहे. उद्या तपासणीत काही दिसलं तर काढेन. हाडांची तपासणी झाली, थोडी कमजोर निघाली, म्हणून कॅल्शियम घेते आणि वसाहतीचे चार जिने चढते. इंटरसेक्स हा शब्द काही दिवस घेते, काही दिवस ठेवून देते. शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. आभार मानायचे तर डॉक्टरबाईंचे, त्यांनी घाई केली नाही. बाकीच्यांचे मानले असते, पण आठवून पाहिलं तर तशी कुणाचीच आठवण येत नाही.

सही न करता सर्जनकडून परतलो त्याच दिवशी घरी मी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. मावशी साडीवर खडे चिकटवत होती, ते तिचं घरबसल्याचं काम. आई शेवटी म्हणाली, “लीलाले बी नई येत व्हती. माले वाटे, आपला वंशच तसा.” मला आलेली स्थळं तिने एकेक करून परतवून लावली होती, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिकेवर तिचा फार विश्वास आहे असं मला वाटायचं.

खरं कारण वेगळं होतं: मावशीचं लग्न झालं होतं. शिरपूरकडच्या एका गावात सहा वर्षं नांदली. मूल नाही म्हणून सासूने आधी बाबा-बुवांकडे नेलं, मग उपास धरायला लावले, मग नवऱ्याचं दुसरं लग्न लावून हिला एका पत्र्याच्या पेटीसह परत पाठवलं. वांझ हा शब्द तिला गावाने लावला, आणि तिच्यासमोर कुणी आपलं तान्हं मूल आणत नसे. श्रावणातले कानबाईचे पंधरा दिवस सोडून.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की हे आईच्या बाजूने चालत येतं, मावशीलाही असू शकतं. ते मी सांगितलं. मावशीने हातातला खडा जागेवर लावला, बोटाने दाबून धरला.

“म्हणजे पिशवीच नव्हती?”

“नसणार.”

“मंग मनी काय चूक व्हती?”

“काहीच नाही, मावशी.”

तिने पुढचा खडा उचलला. मग म्हणाली, “हाई कागदवर लिखी देतीन का?”

लिहून देतील, म्हटलं. तिचा नवरा मागेच वारला, सासू त्याही आधी. तो कागद आता कुणाला दाखवायचा हे मी विचारलं नाही. तिने ठेवणीतली साडी नेसली आणि आम्ही डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीसह लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. तीन आठवडे ती रोज विचारायची, कागद आला का.

बाविसाव्या दिवशी लॅबमधून फोन आला. “मॅडम, सॅम्पल बदल गया लगता है. फॉर्म में फीमेल लिखा है, रिपोर्ट मेल का आ रहा है. पेशंट को फिर से ले आइए.”

मी म्हटलं, चिठ्ठीत डॉक्टरांनी हाच संशय लिहिलाय. तो म्हणाला, चिठ्ठी आम्ही वाचत नाही, फॉर्म वाचतो.

मावशीने पुन्हा रक्त दिलं. दुसरा रिपोर्टही तोच आला. फक्त वय चुकलं होतं, अठ्ठावन्नच्या जागी पंच्याऐंशी.