पुनवेला बारा वाजता या

"आज नको. पुनवेला या, दुपारी बारा वाजता."

मतं मागायला दारात आलेल्या कुठल्याही पुढाऱ्याला ती हेच सांगायची. एक हात कमरेवर, दुसऱ्याचं बोट मागच्या दाराकडे. त्या दारापलीकडे समुद्र होता. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असते, पाणी लांब राहतं, किनारा छान रुंद दिसतो आणि बंधाऱ्याची गरज कुणाला पटत नाही. पुनवेच्या उधाणाला मात्र भर दुपारी पाणी तिच्या मागच्या पायरीवर चढायचं. उमेदवाराला ती त्या पायरीवर उभं करायची. "आता बोला, काय बोलायचं ते."

तारापूरच्या बाजूच्या त्या मच्छीमार गावात मी शाळामास्तर, आणि मतदारयादीचं कामही माझ्याच गळ्यात. ती बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकायची. किनाऱ्यालगत तिच्या आळीत सात घरं होती. त्यांची मतं ती सांगेल तिकडे पडत, आणि ती कुणाचं नाव घेईल हे आदल्या दिवसापर्यंत कुणाला कळत नसे. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या ओट्यावर सगळ्या पक्षांचे लोक चहा पिऊन जातात आणि जाताना डोकं खाजवतात.

"तुमचा पक्ष तरी कुठला?" मी एकदा विचारलं.

"ज्याचे पाय भिजले त्याचा. आमाला बंधारा पायजे, मास्तर. झेंडा कुठला का आसू दे."

एकदा एका उमेदवाराची नवी कोरी चप्पल लाटेने ओढली. हिने गुडघाभर पाण्यात शिरून ती पकडली, झटकली आणि परत न देता घरात खुंटीला अडकवली. "बंधारा घेऊन या, मग ही घेऊन जा." बिचारा एका चपलेवर गाडीपर्यंत गेला. सगळी आळी हसून हसून लोळली. तो निवडून आला. चप्पल खुंटीवरच राहिली. पुढच्या खेपेला आळीची मतं दुसऱ्याला, त्याच्या पुढच्या खेपेला तिसऱ्याला. बंधाऱ्याच्या नावाने मिळाले ते दोन ट्रक दगड, तेही एका पावसाळ्यात गेले.

तरी मतदानाच्या दिवशी आळीतल्या बायका घेऊन ती रांगेत पहिली असायची. शाईचं बोट आठवडाभर बाजारात मिरवायची.

मग एका आषाढात सलग तीन दिवस उधाण आलं. पहिल्या दिवशी पायरी गेली, दुसऱ्या दिवशी चूल, तिसऱ्या दिवशी घर. मी धावत गेलो तेव्हा ती भिजलेली गोधडी पिळत उभी होती. "चप्पल पन गेली, मास्तर. आता त्याला काय परत करू?" मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. तो पावसाळा संपेपर्यंत सातही घरं गेली. कुणी नातेवाइकांकडे गेलं, कुणी भाड्याने. तिने बोईसरला एक खोली घेतली.

त्यानंतर याद्यांची तपासणी आली. मी रजिस्टर घेऊन घरोघर फिरलो. आळीच्या जागी पाणी होतं. वरून सांगितलं होतं, जे दिसेल ते लिहा. मी सात घरांपुढे लिहिलं, 'पत्त्यावर आढळले नाहीत.' नाव कमी करण्याची नोटीस दारावर लावायची असते. दार नव्हतं, म्हणून शाळेच्या फळ्यावर लावली. आठच दिवसांपूर्वी मी तिच्याकडून बोंबील घेतले होते. ती कुठे बसते हे मला ठाऊक होतं. तिला सांगावं, हे मला सुचलं नाही. कसं सुचलं नाही, हे मी आजही स्वतःला विचारतो.

मतदानाच्या सकाळी ती सहा बायका घेऊन बोईसरहून रिक्षाने आली. सगळ्या नव्या साड्यांत. केंद्राबाहेर यादी घेऊन मीच बसलो होतो.

"नीट बघा, मास्तर. आळीतलं चौथं घर."

मी पानं उलटत राहिलो. शेवटी खरं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मत होतं तवा पाय भिजवायला तरी यायचे," ती म्हणाली. "आता कोन येल?"

मग तिने बोट माझ्यापुढे धरलं. "नुसती शाई तरी लावा. बाजारात काय दाखवू?"

ते माझ्या हातात नव्हतं. तिचं बोट बराच वेळ तसंच पुढे होतं.

पुढच्या आठवड्यात मी बोईसरच्या पत्त्याचा फॉर्म भरून बाजारात नेला. तिने हात लावला नाही. "इथली मी झाले तर आळीचं कोन मागेल? आनि बोईसरच्या खोलीला बंधारा कशाला?" फॉर्म माझ्या कपाटात पडून राहिला. बाजारात तिला टाळून मी मागच्या गल्लीने जाऊ लागलो.

गेल्या महिन्यात सातपाटीला दिलेली तिची मुलगी शाळेत आली. हातात आईच्या मृत्यूचा दाखला. मतदानाचं आईने तिला काही सांगितलेलं दिसलं नाही.

"आयचं नाव कमी करायला लागतं ना, मास्तर?"

मी उगाचच यादी उघडली, उगाचच पान काढलं.

"कमी झालंय," मी म्हटलं.

"बरं झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमी लवकर केलंत."