एकोणीस हरवलेली पुस्तकं

"शनिवारी अकराला मीटिंग आहे. तोपर्यंत ही एकोणीस पुस्तकं सापडली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून ओपन ॲक्सेस बंद," प्राचार्य मॅडम म्हणाल्या. बुधवार होता. दुपारचे बारा वाजले होते.

शितोळे सरांनी मान डोलावली. ते आमचे ग्रंथपाल, मी त्यांची असिस्टंट. मीही मान डोलावली, कारण मॅडमच्या केबिनमध्ये मला दुसरं काही सुचत नाही.

ओपन ॲक्सेस म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः रॅकपर्यंत जायचं, पुस्तकं चाळायची, हवं ते उचलायचं. नाहीतर काउंटरवर चिठ्ठी द्यायची आणि आम्ही आतून पुस्तक आणून द्यायचं. शिरूरच्या आमच्या कॉलेजात वर्षानुवर्षं चिठ्ठीच चालायची. पुस्तकाचं नावच माहीत नसेल तर चिठ्ठीवर काय लिहायचं, हे कोणी विचारलं नव्हतं. मी दौंडच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मधल्या सुट्टीत कोणाशीही न बोलता लायब्ररीच्या रॅकमधून फिरता यायचं. माझ्यासारखीला ती मोठी सोय होती. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मी एकच मागणी केली, तीही लेखी. रॅक उघडे करा. ते झालं. दीड वर्षाने स्टॉक व्हेरिफिकेशन झालं.

स्टॉक व्हेरिफिकेशन म्हणजे पुस्तकांची हजेरी. प्रत्येक पुस्तकाला कॉलेजात येतानाच एक नंबर मिळतो, ॲक्सेशन नंबर. रजिस्टर घेऊन एकेक नंबर वाचायचा आणि पुस्तक जागेवर आहे का बघायचं. एकोणीस नंबर गैरहजर निघाले. ती पुस्तकं कोणाच्या नावावर इश्यूही नव्हती. बहुतेक केमिस्ट्री आणि मॅथ्सची, चारपाच कॉम्प्युटरची. सगळी परीक्षेला लागणारी.

"मी आधीच म्हटलं होतं, जगदाळे मॅडम," बाहेर आल्यावर सर मला म्हणाले. "पोरांना आत सोडलं की हे होणार. दोन वर्षांत मी रिटायर होतोय. रजिस्टर कमी भरलं तर खाली सही माझी असते."

"शनिवारपर्यंत शोधते, सर."

"शोधा. पण ती इथं नसणार. पार पुण्याला पोचली असतील."

खाली आल्यावर मी यादी गायकवाड मामांना वाचून दाखवली. मामा आमचे लायब्ररी अटेंडंट. सत्तावीस वर्षं तेच पुस्तकं लावतात. नाव ऐकलं की कव्हरचा रंग सांगतात.

"मॅडम, ह्यातली सहासात तर पार खिळखिळी हायत," ते म्हणाले. "त्या मोठ्या केमिस्ट्रीला पुठ्ठाच न्हाई. चोरणारा असलं कशाला नेईल? पलीकडं नव्याकोऱ्या कादंबऱ्या हायत, त्यांना कुणी हात लावला न्हाई."

मी यादी परत पाहिली. त्यांचं बरोबर होतं.

"मामा, दारात तुम्ही बसता. पिशव्या बाहेर ठेवतात. एवढं जाड पुस्तक घेऊन कोणी तुमच्यासमोरून गेलं असेल?"

"माझ्याम्होरनं? मी मेल्याव गेलं तर गेलं."

म्हणजे पुस्तकं आतच होती. हे मनात आलं आणि माझे कान गरम झाले. उत्साह आला की माझं असं होतं. बाहेरून काही दिसत नाही, हे बरं आहे.

आम्ही बायंडिंगचा ढीग उपसला. कपाटांच्या वर पाहिलं, रॅकच्या खाली पाहिलं. नंतर मी पुस्तकं बघायचं सोडून धूळ बघायला लागले. शिरूरला मार्चमध्ये धूळ पुसून हात धुवेपर्यंत परत बसते. रॅक नंबर अकरावर जुन्या सरकारी गॅझेटचे बांधीव खंड आहेत. मी आल्यापासून ते कोणी मागितलेले नाहीत. सगळ्या कप्प्यांच्या काठाला धुळीचा जाड पट्टा होता. फक्त तिसऱ्या कप्प्यावर, कोपराच्या उंचीवर, हातभर जागा लख्ख होती.

मी चार खंड काढले. मागे सात पुस्तकं ओळीने उभी होती. नीट, सरळ, नाव बाहेर करून. आमच्या लावण्यापेक्षा नीट.

प्रत्येक पुस्तकात चिठ्ठ्या होत्या. पुठ्ठा नसलेल्या केमिस्ट्रीतली पहिली अशी होती. "चौथा धडा झाला. प्रॉब्लेम सात अडलाय. बघ." त्याखाली दुसऱ्या शाईत, "सात सोडवला. चिठ्ठीच्या मागं आहे. पुढच्या आठवड्यात मी सेकंडला, सकाळी येईन." त्याखाली तिसरं अक्षर. "मी फर्स्टला. चारला येते. पुस्तक इथंच ठेव."

नाव कुठेच नव्हतं. फक्त शिफ्ट.

आता उलगडलं. आमच्याकडची बरीच मुलंमुली रांजणगावच्या कंपन्यांमध्ये काम करून शिकतात. फर्स्ट शिफ्ट दुपारी तीनला सुटते आणि कंपनीची बस पावणेचारला शिरूरला सोडते. सेकंड शिफ्टवाल्यांना सकाळ मोकळी असते. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. लायब्ररी पाचला बंद होते.

मी त्या केमिस्ट्रीतली वेगवेगळी हस्ताक्षरं मोजली. अकरा जण ते पुस्तक वापरत होते. मग काउंटरवर जाऊन त्याच पुस्तकाची दुसरी प्रत कॉम्प्युटरवर पाहिली. ती एकाच विद्यार्थ्याकडे होती, तीनदा रिन्यू केलेली. माझ्या लायब्ररीतलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक रजिस्टरमध्ये हरवलेलं होतं. मला ते कोणाला तरी लगेच सांगावंसं वाटत होतं, आणि सांगता येत नव्हतं.

"सात घावली," मामा म्हणाले. "चला, सरास्नी दावू."

"आणि बाकीची बारा? आत्ता बोभाटा झाला तर ती कोणीच दाखवणार नाही. मामा, ही सात परत होती तशी ठेवूया."

मामांनी हातातला खंड खाली ठेवला. "घावलेली पुस्तकं परत लपवायची? सत्तावीस वर्षांत येवढंच करायचं ऱ्हायलं व्हतं."

पण खंड त्यांनीच परत लावले.

मी एक चिठ्ठी लिहिली. तीनदा लिहिली. "ही पुस्तकं आम्हाला सापडली आहेत. कोणालाही शिक्षा करायची नाही. पण बाकीची बारा शनिवारच्या आत मिळाली नाहीत तर रॅक सगळ्यांसाठीच बंद होतील. शुक्रवारी चार वाजता काउंटरवर या. नाव विचारणार नाही. लायब्ररी." ती केमिस्ट्रीत ठेवली.

गुरुवारी सकाळी मी काउंटरवर पुस्तकांना लेबलं चिकटवत बसले. न बघता बघणं मला चांगलं जमतं. बारापर्यंत तीन जण अकरा नंबरच्या रॅककडे गेले. स्वतःच्या स्वयंपाकघरातला डबा काढावा तसे गेले. तिसरा बराच वेळ तिथे उभा राहिला, मग काहीच न घेता निघून गेला. आता उरलेली पुस्तकं काही मिळत नाहीत, असं वाटलं.

हॉल रिकामा झाल्यावर मी खंड काढले. सातही पुस्तकं जागेवर होती. माझी चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी कँटीनच्या कुपनाच्या पाठीवर एक ओळ होती. "सही शिक्क्यासह लेखी द्या."

मामा हसायला लागले. "कंपनीतली पोरं हायत. 'पर्मनंट करतो, पर्मनंट करतो' आसं तोंडी ऐकून ऐकून शानी झाल्यात."

लायब्ररीचा गोल शिक्का सरांच्या ड्रॉवरमध्ये असतो. नव्या पुस्तकांवर मारायला रोज मीच तो काढते. माझ्या पदाला असं काही लेखी द्यायचा अधिकार नाही, हे मला माहीत होतं. मी कोरा कागद घेतला, तोच मजकूर लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि तो केमिस्ट्रीत ठेवला. विचार करायला वेळ घेतला असता तर मारला नसता.

शुक्रवारी चार वाजले. कोणी आलं नाही. चार दहा झाले. चार वीसला एक मुलगी आली. कंपनीचं आयकार्ड ओढणीखाली होतं, पट्टी दिसत होती. ती सरळ काउंटरवर आली.

"मी रूपाली कोकरे. टी. वाय. बी.एस्सी."

"मी नाव विचारलं नव्हतं."

"विचारलं न्हाई म्हणूनच सांगितलं," ती म्हणाली. "समद्यांनी मला पाठवलंय. आदी आमचं ऐका, मग पुस्तकं."

"बोला."

"चोरी केली न्हाई आमी. एक बी पुस्तक कवा दाराभायेर गेलं न्हाई."

"पण लपवली होती ना?"

"मग काय करायचं? कॉलेज सुरू झालं की दिवसावाली पोरं पुस्तकं घरी नेत्यात. सात दिवसांनी आणत्यात, रिन्यू करून परत नेत्यात. आमी येतो चारला. तवर रॅकव ऱ्हातं काय, तर गॅझेट. गॅझेट वाचून केमिस्ट्रीत पास व्हता येत न्हाई, मॅडम."

मी हसले. तिला ते अपेक्षित नसावं. ती जरा सैल झाली.

"आमच्याकडं लाइनवर टूल जिथल्या तिथं ठेवावं लागतं," ती म्हणाली. "पुढच्या शिफ्टवाल्याला हात घातला की घावलं पायजे. किती काम झालं, कुठं अडलंय, ते लिहून जायचं. हँडओव्हर म्हणत्यात त्याला. आमी तेच केलं. तुमच्याकडं हँडओव्हरच न्हाई."

मी लायब्ररी सायन्सची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. त्यात हा शब्द नव्हता.

"तुम्हाला काय हवंय?"

तिने बॅगेतून टाइप केलेला कागद काढला. मागण्या दोनच होत्या. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत घरी द्यायची नाही, इथेच बसून वाचायची. आणि लायब्ररी सहापर्यंत उघडी ठेवायची. मी म्हटलं, प्रयत्न करते, शब्द देत नाही. तिने कागदावर 'मिळाला' असं लिहून घेतलं. मग म्हणाली, "चला."

पुढची वीस मिनिटं मी तिच्यामागे माझ्याच लायब्ररीत पाहुणीसारखी फिरले. विश्वकोशाच्या मागे चार. जुन्या प्रबंधांच्या कपाटात तळाशी चार. मामा मागून पुस्तकं घेत होते आणि दरवेळी "आरं तिच्या" एवढंच म्हणत होते. शेवटची तीन लायब्ररी सायन्सच्या कप्प्यात निघाली, आमच्या काउंटरपासून चार पावलांवर.

"इथं?" मी विचारलं.

"हितं कोणीच फिरकत न्हाई," रूपाली म्हणाली. "तुमी बी."

अठरा झाली. एकोणिसावं त्यांच्याकडे नव्हतंच. तिने ते दोनदा सांगितलं आणि मला पटलं.

पाचला मी सरांच्या टेबलावर अठरा पुस्तकं ठेवली आणि सगळं सांगितलं.

"लायब्ररी सायन्सच्या रॅकमध्ये?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

थोड्या वेळाने त्यांनी तेच परत विचारलं. मग चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. एकेक, सावकाश. लेखी दिलेल्या कागदाचंही मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ड्रॉवर बंद केला आणि घरी गेले. मला काही अंदाज आला नाही.

शनिवारी मीटिंगला मॅडम, उपप्राचार्य, सर आणि मी. एकोणिसाऐवजी अठरा का होईना, पुस्तकं बघून मॅडम खूश झाल्या.

"छान. आता नावं द्या. हॉलतिकीट अडवलं की सगळे सरळ होतात."

"मॅडम, नाव विचारणार नाही असं लिहून दिलंय."

"कोणी?"

"मी. सही शिक्क्यासह."

"कोणाच्या अधिकारात?"

उपप्राचार्य आपल्या डायरीत काहीतरी शोधू लागले. मी टेबलावरची पुस्तकं सरळ लावू लागले.

"शिक्का माझ्या लायब्ररीचा आहे," शितोळे सर म्हणाले. "म्हणजे माझ्याच अधिकारात."

त्यानंतर मी बोलले. किती वेळ बोलले ते आठवत नाही. हँडओव्हर म्हणजे काय ते सांगितलं, त्या दोन्ही मागण्या वाचून दाखवल्या. एका महिन्यात अकरा जणांनी वापरलेली प्रत आणि एकाच्या घरी राहिलेली प्रत, दोन्हींचा हिशेब सांगितला. रॅकला दोरी बांधली तर हे अकरा जण चिठ्ठी घेऊन पाच वाजता बंद काउंटरसमोर उभे राहतील, असंही म्हणाले. शेवटी ती केमिस्ट्री मॅडमपुढे ठेवली.

मॅडम मूळच्या केमिस्ट्रीच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. उलटली. प्रॉब्लेम सात पेनाच्या टोकाने ओळ ओळ तपासला.

"बरोबर सोडवलाय," त्या म्हणाल्या. मग चिठ्ठी परत पुस्तकात ठेवली. "सहापर्यंत थांबणार कोण?"

"मी आणि गायकवाड मामा. आलटून पालटून."

"सेमिस्टर संपेपर्यंत बघू. एक जरी पुस्तक कमी झालं तर बंद."

जिना उतरताना मी दोन दोन पायऱ्या उतरत होते. सर मागून म्हणाले, "हळू. पडाल."

इथेच बसून वाचायच्या प्रतींचा वेगळा शिफ्ट रॅक काउंटरजवळ लागला. प्रत्येक पुस्तकात आम्ही एक वही बांधली, चिठ्ठ्या पडू नयेत म्हणून. रूपाली पास झाली आणि आता एम. एस्सी. करते, अजूनही शिफ्ट सांभाळून. सहानंतरही कोणी उठत नाही, ही मामांची तक्रार आहे.

यंदाच्या व्हेरिफिकेशनला शिफ्ट रॅक पूर्ण भरला. इतरत्र तीन पुस्तकं कमी आली. तिन्ही, त्या एकोणिसाव्यासकट, स्टाफरूममधल्या कपाटांत मिळाली, प्राध्यापकांच्या डब्यांखाली. मॅडमनी त्यांची नावं मागितली नाहीत.

पुस्तक हरवलं की आम्ही लायब्ररीवाले आधी दाराकडे बघतो. मी आता आधी विचारते, हे कोणाला सगळ्यात जास्त हवं होतं. त्या उत्तरानेही सापडलं नाही, तर स्टाफरूम बघते.