पडद्यावरच्या साहेबाला पाणी

"ये कौन है? सर्वंट है क्या?"

लॅपटॉपच्या पडद्यावरच्या साहेबानं माझ्या पोरीला इचारलं. माझ्याच घरात. माझ्या हातात पाण्याचा तांब्या, वाटीत गूळ. साहेबाशेजारी एक बाई बसलेली. ती तोंडावर हात धरून हसली.

माझी पोरगी महानंदा. तिनं मान खाली घातली. व्हय म्हणली न्हाय, न्हाय म्हणली न्हाय. टेबलाखालून हातानं खुणावलं, बाजूला व्हा. मी झालो.

पडद्यातला माणूस पाणी पीत न्हाय, एवढं मला कळतं. पण आलेल्या माणसाला पाणी इचारायचं, ही माझी रीत. मग तो दारानं येऊ दे न्हायतर तारेनं. मी म्हणलो, "या साहेब, पाणी घ्या." त्यात हसण्यासारखं काय हुतं?

रीत कुटनं आली तेबी सांगतो. टॉवेलच्या कारखान्यात घडी खात्यात मी उभा जन्म राबलो. मालकाच्या बंगल्यावर गठ्ठा पोचवायचा तर मागच्या दारानं. एकदा उन्हाळ्यात पाणी मागितलं. मालकीणबाईनं बागेतल्या नळीकडं बोट केलं. झाडाला पाणी घालायची नळी. वाकलो, प्यालो. सोलापूरचं ऊन, करतो काय. पण घरी येताना ठरवलं, माझ्या उंबऱ्याच्या आत कुणावर पाणी मागायची पाळी येऊ द्यायची न्हाय.

पोरीला शिकवलं. सीए झाली. पुण्यात ऑडिटमध्ये बरीच वर्षं काढली. सुट्टीला आली की म्हणायची, "आप्पा, कंटाळले. दुसऱ्यांनी केलेलं तपासायचं. चूक दाखवली तरी पुढं काय ते मालक ठरवणार. मला ठरवणाऱ्यांत बसायचंय."

त्या कामाला प्रायव्हेट इक्विटी म्हणतात. मोठ्या लोकांचा पैसा घ्यायचा, कंपनीत हिस्सा घ्यायचा, कंपनी वाढवायची, मग हिस्सा विकायचा. कुटली कंपनी घ्यायची ते ही माणसं ठरवणार. महानंदानं लई ठिकाणी अर्ज केले. ऑडिटवाली म्हणून कोण दारात उभं करंना. ती सुट्टीला घरी आली आन ह्या मुंबईच्या साहेबानं लॅपटॉपवर मुलाखतीला वेळ दिली, तर तिनं भिंतीवरची सिद्धरामेश्वराची तसबीरबी काढून ठेवली. का, तर मागं भिंत मोकळी दिसावी. तवाच मी बोलायला पायजे हुतं.

पडदा मिटल्यावर इचारलं, "काय म्हणला साहेब?"

"म्हणाले, ऑडिटवाल्यांना चुका दिसतात, धंदा दिसत नाही. तरी सोमवारी दुसरी फेरी आहे."

"तू काय म्हणलीस?"

"यस सर."

"मला सर्वंट म्हणला, तवाबी यस सर?"

"आप्पा, तेव्हा मी काहीच बोलले नाही."

"तेच की!"

ती रडली. मला वाईट वाटलं. रागबी गेला न्हाय. साहेबाला माझी काय वळख, त्याचं सोडा. पण पोरीची ती खाली गेलेली मान. ती मान मी वळखतो. बागेतल्या नळीपाशी वाकलेली माझी मान ती. एवढं शिकून पोरीनं बापाची नेमकी तीच मान घेतली. मग शिकवलं कशाला? डोकं फिरलं माझं.

आज रविवारी सकाळी हळूच म्हणली, "आप्पा, उद्या तेवढा वेळ बाहेर बसा ना. सात रस्त्याच्या चौकात चहा पिऊन या."

"न्हाय."

"हातातोंडाशी आलेली नोकरी जाईल."

"जाऊ दे. आपला बाप कोण ते सांगता येईना, आन कंपनी कुटली घ्यायची ते सांगणार व्हय तू?"

तवापासनं तिकडं तोंड करून बसलीया. बसू दे.

तसबीर मी खिळ्याला परत लावली. उद्या पडदा उघडला की महानंदानं पयलं एवढंच बोलायचं, त्या दिवशी पाणी घेऊन आले ते माझे वडील. ती बोलली, तर मी आपसूक उठतो. सात रस्त्याचा चहाबी पितो. न्हाय बोलली, तर मी तांब्या घेऊन पडद्यापुढं उभा राहणार आन माझ्या तोंडानं सांगणार. मग नोकरी मिळो, न्हायतर जावो.

नळीपाशी वाकणं माझ्यापाशी संपलं. पुढं ह्या घरात कुणी वाकायचं न्हाय. पोरीनंबी न्हाय.