सडकेवर भरलेली ओटी

वहिनीची दोन लेकरं पाठोपाठ गेली होती. जन्मली तेव्हा गोरीगोमटी होती, मग डोळ्यांपासून पिवळी पडत गेली. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मलकापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नवराबायकोचं रक्त जुळत नाही, बाळंतपण नागपूरलाच करा. वडील म्हणाले, "आधी सतीले जाऊ. मग पाहू." वडिलांचं 'मग पाहू' म्हणजे नाहीच, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सती म्हणजे आमच्या मूळ गावच्या देवळाबाहेरची शिळा. घराण्यातली कोणी एक बाई नवऱ्यामागे जळाली, तिची. घरच्या सुनेनं सातव्या महिन्यात तिची ओटी भरायची, अशी रीत होती. आजोबा कापसाच्या जिनिंगच्या कामासाठी मलकापूरला आले आणि ती रीत सुटली. लेकरं त्यामुळेच जातात, असं वडिलांनी मनाशी पक्कं केलं होतं. जिवंत बाई जाळायची आणि पुढच्या पिढ्यांनी तिच्याकडेच लेकरू मागायचं, या निर्लज्जपणाची चीड मला तेव्हाही होती, आजही आहे.

दुष्काळ नुकताच सरला होता. दादाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून वडील, वहिनी आणि सोबतीला मी, तिची नणंद, असे एसटीनं निघालो. शेवटचा रस्ता नव्या खडीचा होता. गाडी अशी आदळत होती की वहिनी दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती.

गावात एक म्हातारा भाऊबंद भेटला. त्यानं मोठ्या अभिमानानं आधी महादेवाचं देऊळ दाखवलं. काळ्या दगडाचं, हेमाडपंती. आत गार अंधार. वडिलांनी सतीचं विचारलं, तेव्हा त्यानं पायऱ्यांशेजारच्या खड्ड्याकडे बोट केलं.

"फोडली," तो म्हणाला. "दुष्काळी कामावर, सडकेच्या खडीसाठी. साहेब आला, म्हणे देऊळ लय जुनं हाय, त्याच्या दगडाले हात लावू नका. बाहेरचे घ्या."

"अन् तुम्ही फोडू देली?" वडील ओरडले.

"म्याच फोडली. सती हाय म्हणून पोटाले काय सांगू?"

मग वडिलांनीच तोड काढली. दुसरा दगड उभा करू, शेंदूर लावू, झाली सती. म्हातारा शेंदूर आणायला निघालासुद्धा. सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणारी वहिनी तेव्हा बोलली.

"खडी कोणत्या सडकेले गेली?"

"तुम्ही आले त्याच."

ती वळली आणि चालू लागली. सडकेशी येऊन तिनं चपला काढल्या, अवघडलेल्या अंगानं मधोमध बसली आणि खडीवर हळदकुंकू वाहिलं. खण पसरला, त्यावर नारळ, गहू, हिरव्या बांगड्या ठेवल्या. वडील शेतांकडे पाहत उभे राहिले. परतीची एसटी आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कंडक्टर शिव्या देत होता. मी तिला काखेत हात घालून उठवलं. त्या दिवशी दुसरी गाडी नव्हती. आम्ही बसलो आणि गाडी ओटीवरून पुढे गेली. बांगड्यांचा आवाज आम्हाला दोघींनाही ऐकू आला.

घरी आल्यावर नागपूरचा विषय निघाला. वडील म्हणाले, "ओटी भरली ना? आता कशाले?" दादा मान खाली घालून जेवत राहिला.

मुलगी झाली. नाकीडोळी वहिनीसारखी. चौथ्या दिवशी पिवळी पडली, आणि मग गेली.

वहिनी रडली नाही. मी जवळ बसले, तर हळूच म्हणाली, "आपण त्या एसटीत बसायले नाही पाह्यजे होतं. तिच्या अंगावरूनच गेलो आपण. जातानाबी अन् येतानाबी."

मला राग आवरला नाही. "अहो वहिनी, नागपूरला जायला पाहिजे होतं!"

तिनं रिकाम्या पाळण्याची दोरी सोडून माझ्याकडे पाहिलं.

"नेलं कोणं असतं, बाई?"