दोन परीक्षांची एक बेरीज

मी चौथी शिकलेला माणूस. त्यामुळे परीक्षेबद्दल माझं मत कुणी विचारत नाही, आणि ते न विचारता दिल्याशिवाय मी राहत नाही. जर्मनीत एश्बॉर्नला मुलाकडे राहायला आल्यापासून हे फारच वाढलंय, असं सूनबाईचं म्हणणं.

नातीला अमेरिकेतल्या एका कॉलेजात जायचं होतं. इथं दाराशी युनिव्हर्सिटी असताना एवढ्या लांब कशाला, हा माझा पहिला वाद. तो मी हरलो. तिथं जायला एक परीक्षा लागते, दोन भागांची, इंग्रजी आणि गणित. पोरगी पहिल्यांदा बसली तर गणितात झकास, इंग्रजीत घसरली. सुट्टीनंतर पुन्हा बसली तर इंग्रजी वर आणि गणित खाली. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा बसणार. तर मुलगा जेवताना म्हणाला, "आता गरज नाही, आबा. कॉलेज दोन्हींतला चांगला चांगला भाग घेतं आणि बेरीज करतं."

माझा घास हातातच राहिला.

"म्हणजे गणित आधीच्या परीक्षेतलं आणि इंग्रजी नंतरच्या?"

"गेनाऊ, अगदी तसंच," नात म्हणाली.

"आणि जिथं घसरलीस ते?"

"ते मोजत नाहीत."

तरुणपणी मी जत्रेतल्या कुस्त्या धरल्यात. दोन्ही खांदे एका दमात मातीला टेकले, तरच पाठ लागली म्हणायचं. या जत्रेत एक खांदा टेकवला, पुढच्या जत्रेत दुसरा, आणि मग 'चीतपट केलं' म्हणून फेटा मागायला गेलो असतो, तर लोकांनी हलगी वाजवत मला वेशीबाहेर सोडलं असतं. मी तसं बोललोही.

सूनबाई हसली. "अहो आबा, ही कुस्ती नाहीये."

"मग लबाडी आहे. सरळ लबाडी."

आता, मी रोज कशाला ना कशाला लबाडी म्हणतो. खोक्यातल्या दुधाला, रविवारी बंद असणाऱ्या दुकानांना, शिट्टीशिवाय शिजणाऱ्या भाताला. मुलगा "बरं आबा" म्हणतो आणि वाढून घेतो. संपलं. मराठी घरात म्हाताऱ्याच्या बोलण्याचं एवढंच होतं, आणि म्हाताऱ्यालाही ते ठाऊक असतं. पण ही पोर इथं वाढलेली. इथं बोललेलं शब्दाला शब्द खरं धरतात. ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मुलगा ऑफिसातून लवकर आला, तिच्या लॅपटॉपमध्ये डोकावला आणि ओरडलाच, "एकच परीक्षा? दुसरी कुठाय?"

तिनं पहिलीच तेवढी भरली होती. घसरलेल्या इंग्रजीसकट.

"आबा म्हणाले लबाडी आहे. मला लबाडी करून नाही जायचं."

सूनबाई माझ्याकडे वळली. "आबा, एवढ्या मार्कांवर तिला तिथं कुणी दारात उभं करणार नाही हो."

या घरात मी सांगितलं म्हणून कुणी चहात आलं जास्त टाकत नाही, आणि या पोरीनं माझ्या एका शब्दावर आपलं कॉलेज सोडायला काढलं होतं! मुलगा समजावत होता, ती जर्मनमध्ये ताडताड उत्तरं देत होती. मला त्यातलं काही कळेना. मधेमधे 'आबा' तेवढं ऐकू येई.

शेवटी खुर्ची ओढून मी तिच्याजवळ बसलो. "पोरी, त्या कॉलेजाला दोन्ही परीक्षा दिसतात का? घसरलेलंपण?"

"हो. मी दोन्ही पूर्ण भरायच्या. बेरीज ते करतात."

"तू नाही करत?"

"नाइन, मी नाही. ते."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी विचारलंच नव्हतं. झाकपाक काही नाही, आणि आम्ही असंच मोजतो हे पंच स्वतःच सांगतात, तर मग लबाडी कुणाची? पण हे सगळं मनातल्या मनात. टाकलेला शब्द मी उभ्या जन्मात मागे घेतलेला नाही. बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला धरला, तो त्याच्या तेराव्यालाच सुटला.

नातीनं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "आबा, लबाडी आहे की नाही?"

"पद्धत काही मला पटलेली नाही..."

"ते नाही विचारलं. लबाडी?"

"नाही," मी म्हणालो.

माझाच आवाज मला ओळखू येईना.

"झिशर? नक्की?"

"आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ? भर दुसरी!"

ती भरायला लागली. मुलगा आणि सूनबाई मात्र पडद्याकडे बघतच नव्हते. घरात कुणी अनोळखी माणूस येऊन बसावा तसे दोघं माझ्याकडे बघत उभे होते, आणि त्यांच्याकडे कुठल्या तोंडानं बघावं ते मला कळत नव्हतं.