चराला पडलेलं वळण

गावाच्या स्मरणिकेसाठी मंडळींनी मला भीमेतल्या चराचा इतिहास लिहायला सांगितला. "एकीचं उदाहरण म्हणून लिवा की, बाई," असं बजावलंही. पूल झाल्यापासून आमच्या गावाला एकीचं भलतंच प्रेम आलंय.

पूल नव्हता तेव्हा उन्हाळ्यात नदी आटली की नाव वाळूला टेकायची, आणि पायी निघालेला माणूस मधल्या गाळात मांडीपर्यंत रुतायचा. म्हणून होळी झाली की दोन्ही काठांची माणसं नावेपुरता चर खोदायची. आमचे लोक पलीकडच्या देवळाचा कळस नजरेत धरून खोदत जायचे, पलीकडचे कानडी लोक आमच्या घाटावरची चिंच धरून. मध्यावर खुंटी असायची. तिच्यापुढे फावडं मारणं म्हणजे समोरच्याच्या मनगटाचा अपमान.

मी सहा वर्षांची होते तेव्हा पुरात आमचा घाट वाहून गेला. चिंच राहिली, पण नवा उतार तिच्यापासून तीस पावलं खाली झाला. आमच्यांनी तिथून कळस धरला, त्यांनी नेहमीसारखी चिंच. खुंटीपाशी आले तर दोन चरांमध्ये पंधरा पावलं रुतणारी वाळू! उतार सरकल्याचं आम्ही त्यांना कळवलंच नव्हतं; चूक आमची होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण कबूल कोण करणार? "आमी न्हाय वळणार," आमचे म्हणाले. पलीकडूनही तेच आलं, कानडीत. दोन दिवस दोन्ही गावं फावडी टेकून एकमेकांकडे बघत बसली.

माझ्या आईचं माहेर पलीकडे. तिचे वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आधीच काठावरून ओरडून आला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरातलं खोरं उचललं, पदर खोचला आणि त्या पंधरा पावलांच्या वाळूत उतरली. मागोमाग बायका उतरल्या, मग लाजेकाजेस्तव पुरुष. दुपारी पाण्याला पाणी मिळालं. मला शेजारणीकडे ठेवून आई नावेत बसली.

पुढं पूल होईपर्यंत चर दरवर्षी त्या वळणानंच खोदला गेला. वळणाला लोक कौतुकानं माहेरवाट म्हणायचे. मीही तसंच लिहिलं, अगदी ऊर भरून, आणि आईला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती.

"चांगलं हाय की," ती म्हणाली. "पन मी पोचले तवा आप्पांची माती झाली हुती. आदल्या सांजंलाच गेलं त्ये. त्ये कुटं लिवलंस?"

आजोबा त्या उन्हाळ्यात गेले, एवढंच मला ठाऊक होतं. आईची आणि त्यांची भेट झाली असंच मी आजवर धरून चालले होते. इतक्या वर्षांत मी विचारलंच नव्हतं, याची मला फार लाज वाटली.

"त्यांनी वाट बघितली व्हय गं?" मी विचारलं.

"दोन दिस," ती म्हणाली, आणि पुढची पाकळी घेतली.

एकीचा परिच्छेद मी खोडला. त्या जागी लिहिलं, की चूक आमच्या काठाची होती.